अर्जानंतर नवीन काय

प्रिय डॅरेल,

कॉलेजने मला नाकारलं नाही आणि घेतलंही नाही. प्रतीक्षायादीत टांगून ठेवलंय. शाळेत आमचे अर्ज बघणाऱ्या प्रॅटर बाई म्हणाल्या, "तोंड पाडून बसू नकोस, पोरी. पत्र लिही त्यांना. एकच पान, रडगाणं नको. घेतलंत तर नक्की येते म्हण, आणि अर्जानंतर नवीन काय घडलं ते सांग." अर्जानंतर नवीन काय घडलं! त्यांच्या टेबलावरची गोळ्यांची बरणी उचलून भिंतीवर फोडावीशी वाटली मला.

आपण कॉलेज बघायला गेलो होतो, आठवतं? चार तास तुझ्या त्या खटारा ट्रकमधून. कोण येऊन गेलं ते हे लोक मोजतात असं कळल्यावर तू पाहुण्यांच्या वहीत माझ्याखाली स्वतःचंही नाव ठोकून दिलंस, पुढे 'इच्छुक विद्यार्थी'. तेव्हापासून तुलाही त्यांची पत्रं येतात. परवाच एक आलं, अजून विचार आहे ना म्हणून. आई हसायला गेली आणि कळवळली. तिच्या मोडलेल्या जबड्याला बांधलेली तार पुढच्या आठवड्यात काढणार आहेत. तोवर बीन्सचं नुसतं पाणी पिते बिचारी.

लायल मेल्याचं मला तीळभरही दुःख नाही. सावत्र बाप म्हणवून घेत नऊ वर्षं त्याने आपल्याला गुरासारखं बडवलं. त्या रविवारी तो आईचं डोकं बेसिनच्या काठावर आपटत होता. हाड मोडल्याचा आवाज जिन्यापर्यंत आला. मग कोळशाच्या फावड्याचे तीन घाव. पहिले दोन बचावाचे, तिसरा रागाचा, असं सरकारी वकील म्हणतो. बरोबर बोलतो तो. तिसऱ्याच्या वेळी लायल पडलेला होता, हालतही नव्हता. गावात म्हणतात, "डॅरेल शेवटी लायलच्याच वळणावर गेला." दुकानात हे ऐकलं तेव्हा माझ्या हातातली अंड्यांची पेटी खाली पडली.

काल मी कॉलेजचं पत्र लिहिलं. घेतलंत तर नक्की येईन, असं लिहिलं. नवीन काय घडलं तेही लिहिलं. तू दारातून आत आलास तेव्हा तो मेलेला होता. तू फावडं माझ्या हातातून हिसकावलंस, मला नळाखाली ढकललंस आणि ओरडलास, "हात धू! तुला कॉलेजला जायचंय." तिन्ही घाव माझे होते डॅरेल, तिसरासुद्धा. तेच पान पुन्हा लिहून, खाली सही करून, आज सकाळी सरकारी वकिलाच्या हातात दिलं. तुला तुरुंगात येणारी पत्रं फोडून वाचतात, माहीत आहे. वाचू देत. सोमवारी न्यायाधीशापुढे तू खोटी कबुली द्यायची नाहीस, एवढंच सांगायला हे लिहिलं. तुझ्या नावाची कॉलेजची पत्रं फ्रिजवर ठेवली आहेत. घरी आलास की त्यांना उत्तर दे.

तुझीच हट्टी बहीण,
शेल्बी