तुझा फाटलेला कागद

गड्या वसंता,

तुझी तेरवी होऊन आठ दिवस झाले. आज सकाळी शांतावहिनी तुमच्या कोहक्याच्या घरून आली, एक कागद माझ्या हातावर ठेवला आणि आल्या पावली परत गेली. खळीनं चिकटवलेले सोळा तुकडे! म्हणून हे पत्र. तू होतास तेव्हा मी तुझं ऐकलं नाही, आता सांगू तरी कुणाला?

ओळखलास ना कागद? मीच फाडला होता.

शाळेत कविता म्हणताना ओळ मी विसरायचो. तू मागून कुजबुजायचास, पकडला जायचास आणि छड्या खायचास. तळहात सुजलेले, तरी घरी जाताना नाल्याकाठी उरलेलं कडवं म्हणायचास! स्टील प्लांटातून रिटायर होऊन आपण वर्कशॉप टाकलं, प्रायव्हेट लिमिटेड केलं, तेव्हाही पत्रा दाबायच्या प्रेसच्या धपधप तालावर त्याच कविता. तू, मी आणि माझा नितीन. तिघेही संचालक, तिघांची मालकी सारखी.

मग नितीननं प्रेसवरची, हात आत जाऊ नये म्हणून लावलेली जाळी काढली. जाळीपायी माल कमी निघतो म्हणे. तिसऱ्या दिवशी प्रेस चालवणाऱ्या दुकालूची दोन बोटं पत्र्यासोबत चेपून तुटली. तू त्याचा हात गमछ्यात गुंडाळलास आणि रक्ताळल्या हातानंच नितीनच्या अशी थोबाडीत हाणलीस, की तो लेथवर जाऊन आपटला.

"काका, हाथ कैसे उठाया? बाबा, आता एक तर हे राहतील, नाही तर मी!"

मी बाप झालो रे. मित्र राहिलो नाही.

सीएनं बजावलं होतं, संचालकाला काढायच्या आधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावंच लागतं. तुला काढायच्या मीटिंगला तू इस्त्रीचा शर्ट घालून आलास. कागद उघडलास. "मधू, मले दोन मिनिटं बोलू दे."

"कावून बे? पोराले मारून आता भाषण देऊन राहिला का?"

मी कागद हिसकावला, फाडला. तू माझा गळा धरलास. खुर्ची मोडली. टेबलावरचा पाना उचलून मी तुझ्या कपाळावर हाणला. तुझ्या भुवईतून रक्त गळत होतं, आणि आम्ही बापलेकांनी हात वर केले. ठराव मंजूर! तू गुडघ्यांवर बसून तुकडे वेचत होतास. मी हसलो, वसंता. हसलो!

आज वाचलं. "मले काढाचं असन तर काढा. नितीनले मारलं, माफी मांगतो. पन जाळी बसवा. दुकालू अजून त्याच मशीनवर बसते."

बस, एवढंच? मला वाटलं, खुर्ची मागशील, भांडशील. तू तर निघायलाच तयार होतास! मग मी पाना कावून उचलला रे?

दुपारी वर्कशॉपात गेलो. जाळी भिंतीला टेकून गंजत पडलेली. दुकालू आठ बोटांनी पत्रा सरकवत होता. मी प्रेसचा फ्यूज उपटला. नितीननं माझी कॉलर धरून मला भिंतीवर आदळलं. "पगला गए हो क्या, बाबा?" डोकं मागून फुटलं. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं! एक छडी तरी माझ्या वाट्याला आली.

फ्यूज माझ्या खिशात आहे. उद्या सकाळी जाळी मी स्वतः बसवीन. मग दुकालूसमोर, नितीनसमोर उभा राहून तुझा कागद मोठ्यानं वाचीन. पहिल्या तुकड्यापासून सोळाव्यापर्यंत. या खेपेला ओळ विसरणार नाही.

तुझा, पुढच्या बाकावरचा
मधू