गंजावर तेल

३ मार्च

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. आईचं डायलिसिस सुरू झालंय, आठवड्यातून तीनदा. ती दवाखान्यात होती तो महिनाभर आपली म्हातारी गाडी उघड्यावर उभी होती. आता ब्रेक दाबला की खरखरते. चाकातून डोकावलो, तर ब्रेकची डिस्क गंजून तांबडीलाल. तुझी आई म्हणते, गाडी आणि तुझे बाबा, दोघांना एकदमच मोडीत काढू.

चाळीस वर्षं शिलाई मशिनं दुरुस्त केली, गंजाला मी भीत नाही. पण तू गाड्यांचा मेकॅनिक, तेव्हा विचारलेलं बरं. लवकर कळव.

लोभ आहेच, तो काय मागायचा.
बाबा

१७ मार्च

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

आज लिहू, उद्या लिहू करत दोन आठवडे गेले. रागावू नका. वरवरचा गंज असेल, तर रिकाम्या रस्त्यावर हळू चालवत पाच-सहा वेळा ब्रेक दाबा, घासून निघून जाईल. खड्डे पडले असतील, तर डिस्क आणि पॅड दोन्ही बदलून घ्या.

तुमचा हात ओळखून आहे, काही कुरकुरलं की तेलाची कुपी बाहेर. डिस्कला तेलाचा थेंबही लावू नका, ब्रेकच लागणार नाही. आईला नमस्कार.

उशीर पोटात घालून लोभ ठेवावा.
तुमचा धाकटा

२६ मार्च

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

तुझं पत्र एकोणीसला आलं. अठराला सकाळी मी डिस्क पॉलिश पेपरने घासल्या आणि पुन्हा गंजू नयेत म्हणून त्यांना मशिनचं तेल लावलं. सवयच ती. मग आईला डायलिसिसला नेताना दवाखान्याच्या उतारावर ब्रेक लागला नाही. गाडी भिंतीवर गेली. मला खरचटलं. आईचा खुबा मोडला. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन तिला सोसणार नाही आणि अशी पडून ती फार दिवस काढणार नाही.

भेटायला येईल त्याला ती सांगते, ब्रेक गंजले होते. मला वाटलं, तेलाचं तिला माहीतच नाही. काल मी औषध देताना तिने बजावलं, धाकट्यालाही गंजाचंच सांगा. तेलाचा माझा हात तिने वासानेच ओळखला असणार.

पण गंज म्हटलं की तू तुझ्या उशिराच्या पत्राला दोष देशील. म्हणून तिचं ऐकलं नाही, खरं लिहिलं. ब्रेकला तेल लावू नये हे कळायला मला तुझं पत्र लागायला नको होतं.

लोभ उरेल तेवढा ठेव.
बाबा