शेजारचा ब्रेक

४ नोव्हेंबर

प्रिय ठकू,

आशीर्वाद. मी मोठी, म्हणून देते. घ्यायचे की नाही ते तू बघ. तुझी तब्येत बरी असेल. माझी बरी आहे. इथे सकाळी गारवा असतो, दुपारी नसतो. झालं, नमनाला घडाभर तेल नको.

फोन असताना पत्र कशाला, असं तुझ्या मनात येईल. फोनवर आपण काय बोलतो ते तुला माहीतच आहे. 'कशी आहेस?' 'बरी.' 'जेवलीस?' 'हो.' मग तू म्हणतेस, 'ताई, दारात कुणीतरी आलंय.' इतक्या वर्षांत तुझ्या दारात जेवढी माणसं आली ना, तेवढ्यांची जत्रा भरली असती! रागावले नाही गं. माझंही दूध पुष्कळदा उतू जातं, गॅस बंद असताना.

तर मुद्द्याचं. आपण दोघींनी किनाऱ्याच्या रस्त्यानं जायचं. माझ्या लाल गाडीनं, पाच दिवस, डिसेंबरच्या बारा तारखेला निघून. तुझे यजमान, आपल्या घरचे जावईबापू, जाऊन आता दोन वर्षं झाली, हॉस्पिटलातून तू रिटायर झालीस, आणि ड्रायव्हिंग स्कूल मी ऑगस्टमध्ये बंद केलं. कंटाळा आला म्हणून. दोन गाड्या विकल्या, लाल ठेवली.

तुला माझी ती काचेची बरणी आठवते का? तू असताना जेमतेम तळ झाकला होता. माझ्याकडे शिकून लायसन्स मिळालं की पोरं पहिली लांबची फेरी किनाऱ्याच्या रस्त्यानंच मारतात, आणि येताना माझ्यासाठी एक शिंपला आणतात. 'बाई, हा तुमचा.' आता बरणी गळ्यापर्यंत भरलीय. आणि मी? पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं, टाकीमागचा चढ चढायचा, वळून परत. सगळ्या गावाला समुद्राकडे धाडलं आणि स्वतः सहा किलोमीटरच्या पलीकडे गेले नाही. सांगायलाही लाज वाटते.

नकाशा भिंतीवरून काढून जेवणाच्या टेबलावर पसरलाय. टेबलाला तसंही दुसरं काम नसतं. मी ओट्याशी उभ्यानंच खाते. पहिला मुक्काम दीपगृहाच्या गावात. तिथे म्हणे एकच लॉज आहे, आणि मालकीण पाहुण्यांना खिडकी कशी उघडायची याचा धडा देते. दुसऱ्या दिवशी मिठागरं. मग होडीबंदर, तिथून गाडीसकट फेरीबोटीत चढायचं. चौथं गाव इतकं लहान आहे की पोस्टमनच चहाचं दुकान चालवतो. आणि शेवटी ते, जिथे वाळूवर एकच बाकडं आहे. त्या बाकड्यावर बसायचं. बसून काय करायचं ते तिथे ठरवू.

थोडी गाडी तू चालव, थोडी मी. लायसन्स आहे ना तुझ्याकडे? की अजून ते फोटो दाखवण्यापुरतंच कपाटात आहे?

अक्षर मोठं दिसेल. नवीन पेन जाड आहे, त्याला मी काय करू!

उत्तर पत्रानंच दे.

तुझी,
ताई


१५ नोव्हेंबर

प्रिय ठकू,

तुझं कार्ड आलं. पाच ओळी! टपालखात्याचं तिकीट वसूल व्हायला निदान सहा तरी लिहायच्यास. पण त्यातला पहिला शब्द 'येईन' होता, म्हणून माफ. तो शब्द मी दिवसभरात किती वेळा वाचला ते सांगणार नाही, डोक्यावर बसशील.

बाकीच्या चार ओळींना क्रमानं उत्तर देते.

स्वेटर लागेल. हो, घेऊन ये.

अक्षर एवढं मोठं का, असं विचारलंस. नर्सच्या नजरेतून काही सुटत नाही हे विसरले. पेनाचा दोष नाही. माझ्या डोळ्यांत समोर बघितलं की मधोमध एक मळकट डाग दिसतो. कडा दिसतात. दाराची चौकट दिसते आणि दारात उभं असलेलं माणूस दिसत नाही. डॉक्टरांनी लांबलचक नाव सांगितलं; तुला माहीत असेल, मी पाठ केलं नाही. डाग वाढत जाणार. वर्ष, दीड वर्ष. चष्म्याचा उपयोग नाही.

कंटाळा आला म्हणून स्कूल बंद केलं, हे खोटं. ऑगस्टमध्ये एक शिकाऊ बाई गाडी चालवत होत्या, बँकेत कॅशियर आहेत. बाजाराच्या वळणावर त्यांनी एकदम ब्रेक मारला. मी ओरडले, 'गाडी अशी मधेच का थांबवता?' त्या म्हणाल्या, 'बाई, समोर म्हातारी आहे.' होती. पिशवी घेऊन बरोबर आमच्या समोर उभी होती. मला ती दिसली नव्हती. माझ्या गाडीत शिकणाऱ्यानं माझ्या आधी ब्रेक दाबला, असं आयुष्यात पहिल्यांदा घडलं. दुसऱ्या दिवशी मी पाटी उतरवली आणि माझं लायसन्स परत करून आले. तिथला कारकून म्हणाला, 'बाई, तुम्ही? मला तर तुम्हीच शिकवलंत.' मी म्हटलं, 'म्हणूनच तुझी सही लागते.' बाहेर येऊन मात्र फुटपाथवर बसून रडले. भर दुपारी, लोकांदेखत.

म्हणजे 'थोडी मी चालवेन' हीसुद्धा थाप होती. सगळी तुलाच चालवायचीय.

तू लिहितेस, 'ड्रायव्हर घेऊ.' नको. चौतीस वर्षं मी परक्या माणसांच्या शेजारी बसले. आता शेजारी ओळखीचं माणूस हवं. आणि समुद्र दिसतोय तोवर बघायचाय, तो तुझ्याबरोबर. एकटीनं बघून आले तर सांगू कोणाला?

शेवटची ओळ : 'मी चालवणार नाही. चढावर माझा पाय कापतो, तुला माहीतच आहे.' त्याचं उत्तर मी चार वेळा लिहिलं आणि चार वेळा फाडलं. पुढच्या पत्रात लिहीन.

जेवत जा वेळेवर.

तुझी,
ताई


२७ नोव्हेंबर

प्रिय ठकू,

परवा तू फोन केलास. नेहमीसारखं दारात कुणी आलं नाही, माझंच दूध उतू गेलं. गॅस बंद होता. दूधही नव्हतं घरात.

तू म्हणालीस, 'ताई, तू चार महिने जीव तोडून शिकवलंस आणि मी ऐन टेस्टच्या दिवशी चढावर गाडी बंद पाडली. तुझं नाक कापलं. अजून मला त्याची लाज वाटते. माफ कर, म्हणून तरी बघते.' मी फोन ठेवून दिला. तुला वाटलं असेल, म्हातारीचा राग अजून गेला नाही. राग कसला डोंबलाचा!

आता नीट वाच. बसून वाच.

त्या दिवशी गाडी तू बंद पाडली नाहीस.

टाकीमागचा चढ. तू माझं निळं स्वेटर घातलं होतंस, बाह्या दोनदा दुमडून. परीक्षक मागच्या सीटवर फॉर्म घेऊन बसले होते, मी तुझ्या शेजारी. तू चढाच्या मधोमध गाडी थांबवलीस, हँडब्रेक ओढलास, आरसा पाहिलास, क्लच हळूहळू सोडलास. इंजिनचा आवाज बदलला तो मी ऐकला. हजारो लोकांना मी तो चढ शिकवला असेल. इतका अचूक क्लच फार थोड्यांनी सोडला. गाडी निघाली होती, ठकू. तुझा पाय कापला नव्हता.

माझ्या बाजूला ब्रेक होता. शिकवणाऱ्याच्या पायाशी असतो तो. मी तो दाबला. जोरात नाही, नुसत्या अंगठ्यानं. गाडीनं गचका खाल्ला आणि बंद पडली. मागून माझा पाय कोणाला दिसतोय? तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, 'असू दे गं, होतं असं.' परीक्षकांनी लिहिलं : चढावर नापास.

ती नोकरी लायसन्सवर अडली होती, हे मला पक्कं ठाऊक होतं. किनाऱ्याच्या गावागावांतून जीपनं फिरायचं, बाळंतिणी बघायच्या, पोरांना लशी टोचायच्या. महिनाभरात लायसन्स दाखवा, नाहीतर दुसरीला घेऊ. त्यांनी दुसरीला घेतलं. मी टेबलावर पसरलेला रस्ता तुझा होता. आता लक्षात आलं असेल, मी हाच रस्ता का काढला, आणि चौतीस वर्षं त्या रस्त्याला का गेले नाही.

का केलं? आई-बाबा गेल्यावर त्या घरात आपण दोघीच होतो. तू चोवीसची, मी बत्तीसची. माझं कुठे जमत नव्हतं आणि जमावं असं मलाही फारसं वाटत नव्हतं. तू गेलीस की टेबलावर एकच ताट राहणार. मला एकटीनं जेवायची भीती वाटायची. एवढंच कारण आहे. याहून मोठं शोधून पाहिलं, सापडलं नाही.

आणखी एक आहे, ते लिहायला सगळ्यात जड जातंय. त्या दुपारी तू डोळे सुजवून पानावर बसलीस, घास फिरत होता तुझ्या तोंडात, मी वाढत होते, आणि मला बरं वाटत होतं.

पुढे काय झालं ते तुला माहीत आहे. आठ महिन्यांत पहिलं स्थळ आलं त्याला तू हो म्हणालीस आणि बसनं बारा तासांवर निघून गेलीस. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जावईबापू माणूस चांगला निघाला, हे तुझं नशीब. त्यात माझं श्रेय नाही. त्यांनी तुला तिकडे लायसन्स काढून दिलं तरी तू स्टिअरिंगला हात लावला नाहीस. तिकडचे रस्ते सपाट, तरी तू उतारवयात बसला लोंबकळत ड्यूटीवर गेलीस. ते तू सांगायचीस आणि मी फोनवर 'हं' म्हणायचे.

पोरं मला ब्रेकबाई म्हणायची. तोंडावरही. मीही हसायचे.

सोमवारी लाल गाडी मेकॅनिककडे नेली. म्हणजे त्याला बोलावलं, त्यानंच नेली. म्हटलं, माझ्या बाजूचं पेडल काढून टाक. तो म्हणाला, 'बाई, हे काढलं तर गाडी स्कूलची राहणार नाही.' म्हटलं, 'स्कूल उरलंय कुठे?' 'मग तुम्ही पाय कुठे ठेवणार?' 'जमिनीवर. सगळे ठेवतात तिथे.' काढलं त्यानं. मग शेजारी बसवून मला टाकीपर्यंत एक चक्कर मारून आणली. ब्रेक नव्हता तरी माझा पाय अकरा वेळा दाबला गेला. तो म्हणतो, 'बाई, मॅट फाटेल!' जित्याची खोड. पण टाकीमागच्या चढावर मी पाय दोन्ही हातांनी धरून ठेवला आणि गाडी माझ्यावाचून चढली.

तू माफ कर असं म्हणायला मला तोंड नाही. हे सगळं मी आता का सांगतेय, तर अंधार व्हायच्या आत आवरून घ्यावं म्हणून, असं तुला वाटेल. थोडं ते आहेच. पण खरं म्हणजे तू माझी माफी मागितलीस ना, ते ऐकवलं नाही मला. माझं पाप तू चौतीस वर्षं स्वतःच्या पायावर घेऊन फिरलीस. ते आता उतरव. माझ्यावर चिडायचं तर खुशाल चीड, पण तुझ्या पायाला दोष देऊ नकोस.

पाकिटात गाडीची किल्ली आहे. दुसरी माझ्याकडे नाही. ती ऑगस्टातच हरवली आणि मी नवी केली नाही. यायचं नसेल तर परत पाठवण्याची तसदी घेऊ नकोस, मला तिचा उपयोग नाही. यायचं असेल, तर तुझी बस बारा तारखेला सकाळी सातला लागते. स्टँडवरून घर पाच मिनिटं. मी पायरीवर बॅग घेऊन बसलेली असेन. तू समोर आलीस की तुझा चेहरा मला दिसणार नाही, जरा तिरकं बघावं लागेल. मी तोंड फिरवलं असं समजू नकोस.

टाकीमागचा चढ चुकवून जाणारा एक रस्ता आहे. तो तुला सांगणार नाही.

स्कूलचा शिक्का कपाटात पडून होता. शाई वाळली होती, पाण्यानं भिजवून घेतली. अंधुक उठलाय, पण उठलाय. आजवर एवढ्यांना लिहून दिलं, हे एक द्यायचं राहिलं होतं.

शिकणारीचं नाव : ठकू.
चढ : पास.
शिकवणारी नापास,

ताई