दासाचा कान

३ मार्च, मंगळवार
शनिवारच्या शास्त्रवाचनाच्या वर्गात बोलायची पाळी माझी! विषय — हिब्रू शास्त्रातला दासाचा नियम. सहा वर्षं चाकरी, सातव्या वर्षी मोकळा. पण बायको मालकाने करून दिलेली असेल, तर ती आणि मुलं मालकाकडेच राहणार. मग दास म्हणतो, माझं मालकावर प्रेम आहे, बायको-मुलांवर आहे, मी जात नाही. मालक त्याला दाराशी उभं करून कान टोचतो. झाली जन्माची चाकरी.
वाचतानाच डोकं तापलं. बायको-मुलांच्या आधी मालकाचं नाव!

४ मार्च
ह्यांनी धाकट्या भावजींना पुन्हा नाही म्हणून सांगितलं. भावजी स्वतःची बेकरी काढतायत, निम्मी भागी देतायत — आणि आमचे हे दुसऱ्याच्या भट्टीला चिकटून! कारण काय, तर "मालक चांगले आहेत गं." दिवसभर मी तोंड फुगवून बसले. संध्याकाळी हे गरम पाव घेऊन वर आले, नि राग कुठल्या कुठे गेला. मेला पावच तसा होता.

६ मार्च, शुक्रवार
शेवटी ह्यांनाच विचारलं, दासाने मालकाचं नाव आधी का घेतलं? हे पीठ मळत होते. मान वर न करता म्हणाले, "ऐकणारा मालक ना! बायकोसाठी राहतोय, हे त्याच्या तोंडावर कसं सांगणार?"
आमची खोली मालकांची, भट्टीच्या बरोबर वर. मला फिट येऊन मी पडले की खाली आवाज जातो, आणि हे पिठाच्या हातांनी जिना चढून येतात. भावजींची बेकरी गावाच्या दुसऱ्या टोकाला. म्हणून मालकांचं एवढं कौतुक होय! वेडा माणूस. फार जीव आहे माझा ह्यांच्यावर.

७ मार्च
वर्ग बरा झाला. दास भित्रा नव्हता, घर सांभाळत होता, असं सांगितलं. मागच्या बाकावरून शिंपीणबाई म्हणाल्या, "सगळं खरं. पण कान पुढे करण्याआधी बायकोला विचारलं का त्याने?" सगळे हसले. मला काही हसू येईना.
जेवताना ह्यांच्या कानाकडेच बघत होते.
"काय बघतेस?"
"काही नाही. पीठ लागलंय."

८ मार्च
भावजींकडे जाऊन आले. जाऊबाई दिवसभर घरातच असतात. फिट आली की काय करायचं, ते त्यांना नीट समजावलं.

९ मार्च, सोमवार
खाली जाऊन मालकांना सांगून टाकलं — हे भावजींकडे जाणार, आम्ही खोली सोडतोय. मालकांचे डोळे भरले. ह्यांना अजून पत्ता नाही. भट्टीत पाव लावतायत.