बंदूक टांगायची खुंटी

१४ मार्च

नेमबाजीच्या मैदानावर हवेत सोडलेल्या पंचवीस मातीच्या तबकड्यांत फुटल्या अकरा! स्वारीचे अकरा! आणि दोष कुणाचा? बंदुकीचा. मागच्या आठवड्यात वाऱ्याचा होता, त्याआधी तबकड्यांचा — म्हणे हल्ली माती हलकी वापरतात, वेड्यावाकड्या उडतात. नाचता येईना, अंगण वाकडं! तोंडावर बोलले नाही. इथे लिहिलं, पोटदुखी थांबली.

मी सतरा फोडल्या. त्याही मैदानाच्या बंदुकीने, जी उजव्या खांद्याच्या लोकांसाठी घडवलेली. मी ठार डावखुरी. वीस वर्षं दर वेळी गाल सुजवून घरी येते.

१७ मार्च

जेवताना घोषणा झाली. नवी दुनळी घ्यायची! "आपल्याकडे आठ महिने ऊन. आठवड्यातून चार सकाळी बार काढायचे म्हणजे खेळ नाही. आयुष्यभर टिकेल अशीच बघायची."

मी विचारलं, "कुणाच्या आयुष्यभर?"

हसले नाहीत. एरवी हसतात.

२१ मार्च

बंदूकवाल्या काकांच्या दुकानात अडीच तास. मुलगी बघायला आले तेव्हाही एवढं निरखलं नव्हतं ह्यांनी — तेव्हा मुलगी मी होते, म्हणून माहीत!

मला शेजारी-शेजारी नळ्यांची एक फार आवडली. सडपातळ, देखणी. ह्यांनी नाक मुरडलं. "दिसायला ठीक. पण पन्नास बार झाले की पुढचा हात तापलेल्या नळीवर. उजवा तळवा भाजून निघेल." काका म्हणाले, बरोबर, मग एकावर एक नळ्यांची घ्या, तिला खाली भरपूर लाकूड असतं.

उजवा तळवा? ह्यांचा पुढे डावा हात असतो. वय झालं, दुसरं काय!

आणि प्रत्येक बंदूक माझ्या हातात. "तू धर जरा, मी लांबून बघतो." मी बायको नाही, बंदूक टांगायची खुंटी आहे.

२८ मार्च

परत दुकान. काकांनी आज गंमत दाखवली. नळ्या जिथे मिटतात तिथे पातळ कागदाची पट्टी ठेवली, बंदूक मिटली आणि पट्टी ओढली. निघाली नाही. म्हणजे सांधा घट्ट. मग सहज म्हणून आम्ही बरोबर नेलेल्या जुन्या बंदुकीतही ठेवली.

तीही निघाली नाही!

"अहो, ही तर अजून पंधरा वर्षं हलायची नाही," काका म्हणाले. ह्यांना एकदम खोकला आला. मग नव्या नळीला आतून कडक मुलामा आहे, घामाने गंज धरत नाही, वरची पट्टी जाळीची आहे म्हणून गरम हवा डोळ्यासमोर थरथरत नाही, असं बरंच काही बोलत सुटले. मी म्हटलं, मग जुनीत खोट काय आहे ते तरी सांगा.

"तुला नाही कळायचं."

घरी येईपर्यंत अबोला. माझा.

२ एप्रिल

नऊ.

जवळून गेलेल्या तबकडीवर बारच काढला नाही. परत येताना गाडी मला चालवायला दिली. का ते सांगितलं नाही. मैदान सोडतो म्हणाले तर? ह्या माणसाला दुसरा नाद नाही. घरी बसले तर माझ्या डब्यांची झाकणं तपासत बसतील. थट्टा करतेय, पण मला भीती वाटतेय.

९ एप्रिल

ठरली एकदाची! एकावर एक नळ्यांची, वजनदार — जड बंदूक खांद्याला कमी हाणते आणि सावकाश तापते. लाकडाला चकचकीत पॉलिश नाही, तेल पाजायचं. मुठीपाशी खोल रेघांची जाळी, घामाने हात निसटू नये म्हणून. एवढा विचार स्वारीने घर बांधतानाही केला नव्हता.

दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकतं त्या लाकडाच्या, मापाला काकांनी टेप माझ्या कोपराला लावली! "अहो, माझं कशाला?"

"दोघांचं सारखंच आहे," म्हणाले हे.

सारखंच! हातभर उंच आहेत माझ्यापेक्षा. कंटाळले असतील, उरकायचं असेल. येईल आता तोकडी बंदूक, मग कळेल. काका खाली मान घालून हसत होते. मीही दिवसभर हसत होते.

३० एप्रिल

ह्यांनी जुनी बंदूक पुसून, तेल लावून कपाटात ठेवली. फार वेळ पुसत होते.

६ मे

मैदानावर नव्या बंदुकीची पेटी माझ्या हातात दिली. "पहिला बार तुझा."

डाव्या खांद्याला लावली. गाल अलगद टेकला. दस्त्याला बाक होता — माझ्या बाजूला. वीस वर्षांत पहिल्यांदा कुठे काही टोचलं नाही.

पेटीच्या कप्प्यात डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद होता. फेब्रुवारीचा. उजवा डोळा आता सुधारायचा नाही.

"अहो..."

"मी ह्या वयात डावा खांदा कुठे शिकू? तू आयती डावी आहेस." तबकड्या सोडायच्या खटक्यापाशी जाऊन उभे राहिले. "मला फुटल्याचा आवाज येतो ना. बास झालं. सोडू?"

"सोडा."

पहिली चुकली. मलाही नीट दिसत नव्हतं.