सातवा हेन्री आणि आपली सुपारी

पेण, गुरुवार

प्रिय दिपिका,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. फोन होता की, असं म्हणशील. पण आपल्या घरातला फोन म्हणजे चावडी. मी बोलायला लागले की तुझे सासरे टीव्हीचा आवाज कमी करतात, आणि तूही तिकडून ‘बरी हाय, जेवली, अभ्यास चाललाय’ एवढं बोलून मोकळी होतेस. म्हणून कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, दोन तासांच्या मधल्या रिकाम्या वेळात लिहायला बसले आहे. निलेशची या आठवड्यात रोह्याच्या कंपनीत सकाळची शिफ्ट आहे, त्याच्या डब्याच्या पिशवीतून हे तुझ्या बी. एड.च्या होस्टेलवर पोचेल. तो गेटवर पत्र देऊन तसाच पळाला तर रागावू नकोस. एरवी ‘वयनी, वयनी’ करत तुझ्या मागे फिरणारा तुझा दीर सध्या तुझं नाव निघालं तरी ताटात बघतो. का, ते सांगतेच.

आज वर्गात पुन्हा इंग्लंडचा सातवा हेन्री निघाला. आठवतो ना? तुझ्या वेळीही मीच शिकवला होता. तू खिडकीजवळच्या बाकावर बसायचीस, तुझे वडील काळुराम मिठागरावरून परस्पर कॉलेजात तुझी फी भरायला यायचे, आणि तू वहीच्या मागच्या पानावर डोळे काढत असायचीस, नुसते डोळे, माणसांचे, बैलांचे, माशांचे. मला वाटायचं, ही पोरगी काही ऐकत नाही. मग परीक्षेत तो दरवर्षीचा प्रश्न आला, या राजाच्या परराष्ट्र धोरणाची उद्दिष्टे स्पष्ट करा. सगळ्यांनी पानं भरली. लढाईत जिंकलेली गादी, तिच्यावरचा हक्क तसा लंगडाच, म्हणून शेजारच्या राजांनी आपल्याला राजा म्हणावं ही धडपड. आपणच खरे वारस म्हणून उभे राहणाऱ्या तोतयांना कुठल्याही परक्या दरबारात थारा मिळू नये ही दुसरी. कापडाचा व्यापार वाढावा, होता होईल तो लढाई टळावी, आणि हे सगळं पक्कं व्हावं म्हणून पोरांची लग्नं, थोरल्यासाठी स्पेनची राजकन्या, मुलगी स्कॉटलंडला. तू मात्र एकच ओळ लिहिलीस, ‘राजाला भीती वाटत होती.’ मी खाली लाल पेनाने लिहिलं, ‘सविस्तर लिहा.’ आज फळ्यावर ती उद्दिष्टं लिहिताना तुझी ओळ आठवली आणि मला एकटीलाच हसू आलं. मुलं बघत राहिली, मॅडमना काय झालं म्हणून.

आपल्या गणपतीच्या कारखान्याची खबर तुला ऐकायची असेल. परदेशी जाणाऱ्या मूर्तींचं काम यंदा लवकर उरकायचं आहे. रंग झाले, शेले झाले, दागिने झाले, आणि सगळे गणपती डोळ्यांवाचून रांगेने बसले आहेत. सकाळी मी बसला निघण्याआधी चहा द्यायला आत जाते, तेव्हा पत्र्याच्या फटीतून ऊन येत असतं, रंगाचा आणि ओल्या मातीचा वास असतो, आणि एवढे सगळे देव नुसते चेहरे घेऊन थांबलेले. मला तिथे बोलायचं असलं तरी आवाज बारीक निघतो. तुझ्या सासऱ्यांनी परवा तुझा कुंचला घेऊन एका मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करून पाहिली. गणपती असा काही झाला की त्याच्यापुढे मोदक ठेवायचीच भीती वाटावी. स्वतःच बघत बसले, मग पुसून टाकलं आणि म्हणाले, “तिच्या हाताबिगर डोळं नाय उघडायचं.” तुला लाडीगोडी लावायला हे लिहीत नाही हं. ते तसं म्हणाले, आणि म्हणताना पाठमोरे होते, एवढंच.

आता आपल्या घरच्या परराष्ट्र धोरणाकडे येते. गेला महिनाभर तुझं माहेर धरमतर आणि आपलं जोहे यांच्यात शिष्टमंडळांची ये-जा चालू आहे. तुझा पुंडलिकमामा दर आठवड्याला येतो, येताना सुक्या कोळंबीचे सोडे आणतो, जाताना आपल्याकडचे पोहे नेतो, आणि मधल्या वेळात तो आणि तुझे सासरे ओटीवर बसून आवाज न करता बोलतात. तुला कोणी काही सांगितलेलं नाही हे मला माहीत आहे. ‘रविवारी घरी ये, कार्य आहे,’ एवढाच निरोप गेलाय ना? तर कार्य असं, की तुझा आणि निलेशचा पाट लावायचा, म्हणजे दिराशीच तुझं दुसरं लग्न करायचं ठरतंय, आणि रविवारी सुपारी फोडून ते पक्कं होणार आहे. यात वाईट माणूस कोणी नाही गो, हेच तर अवघड आहे. तुझी आई पुतळी डोळ्याला पदर लावून म्हणते, “पोर वळखीच्या घरात ऱ्हाईल.” मामा म्हणतो, सोन्यासारखं घर आहे. तुझे सासरे म्हणतात, तिला परकी कशी होऊ देऊ. सगळे तुझ्या भल्याचंच बोलतात, फक्त तुझ्याशी बोलत नाहीत. आणि निलेश! त्याला विचारलं तर आधी ‘तुमी म्हणाल तसं’ म्हणाला. मग मी भांडी घासत होते तिथे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “आई, मी तिला वयनी म्हणतो. सोमवारपासनं काय म्हणू?” मी त्याच्या हातात पातेलं दिलं, विसळायला.

माझीही सुपारी माझ्या माहेरी, रोह्याला, अशीच झाली होती. बाहेर चटईच्या एका बाजूला जोह्याची माणसं, एका बाजूला आमची, मधे तबक. मी आत पुरणाची डाळ वाटत होते. अडकित्त्याचा आवाज आला तेव्हा मला कळलं की माझं लग्न ठरलं. मग मला बाहेर बोलावलं, पाया पडायला. त्या वेळी त्यात मला काही वावगं वाटलं नाही, खरंच सांगते. आणि नवराही चांगलाच निघाला, रंगाने बरबटलेला, हट्टी, पण मला एम. ए. करू देणारा. पण सुपारी म्हटलं की मला अजून माणसं आठवत नाहीत, तो आवाज आठवतो आणि हाताला लागलेली डाळ.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. पुस्तकात त्या राजाच्या थोरल्या मुलाचं मरण एका ओळीत आहे. स्पेनची राजकन्या कॅथरीन समुद्रावरून आली, थोरल्या आर्थरशी तिचं लग्न झालं, आणि वर्ष व्हायच्या आत तो गेला. पुढच्या ओळीत लगेच, ‘म्हणून तिचा विवाह धाकट्या राजपुत्राशी ठरवण्यात आला.’ वर्षानुवर्षं मी त्या दोन ओळी एका दमात सांगत आले. माझा थोरला, साईराज, हायवेवरून परत आला नाही, त्यानंतरच्या वर्षी वर्गात ती पहिली ओळ आली आणि मी तिथेच थांबले. खडू हातात तसाच. थोरला मुलगा वारला. म्हणून. त्या ‘म्हणून’पर्यंत मला जाताच येईना. घंटा झाली तेव्हा सुटले. पुस्तकात नसलेलं एक मी दुसरीकडे वाचलं होतं. आर्थर गेल्याची बातमी आली तेव्हा राणीने राजाला धीर दिला, मग आपल्या दालनात गेली आणि तिथे कोसळली, तेव्हा राजा धावत तिच्याकडे गेला. आपल्याकडे तसंच झालं, फक्त दालनाच्या जागी कारखाना होता. तू तेव्हा ओटीवर भिंतीला टेकून बसली होतीस. आम्ही दोघं एकमेकांना धरून होतो आणि तुला धरायला कोणी नव्हतं, हे मला तेव्हाही दिसत होतं. मी उठून तुझ्याकडे आले, तर तू म्हणालीस, “मॅडम.” लग्नात भर मांडवात सासूला मॅडम म्हणून साऱ्या गावाला हसवणारी तू. त्या दिवशी तो शब्द मला ‘आई’ या हाकेपेक्षा जवळचा वाटला.

परवा सकाळी बसमध्ये माझा डोळा लागला. जोह्याहून पेणला यायला लागतो किती वेळ, पण तेवढ्यात एक लांबलचक स्वप्न पडलं. धरमतरच्या धक्क्याला एक जहाज लागलंय. आजूबाजूला आपले ते कोळशाचे बार्ज, आणि मधेच हे शिडाचं, पांढरं. धुक्यात मिठागरांतले मिठाचे ढीग दिसतायत. त्या जहाजातून स्पेनची राजकन्या उतरतेय, तिचा तो भारी घागरा भरतीच्या चिखलात लोळतोय, आणि तुझे बाबा पुढे होऊन म्हणतात, “पाय जपून टाक गो, चिखल हाय.” धक्क्यावर सगळे राजे, वकील, मामे चटई पसरून बसलेत. ती कोणाकडे बघत नाही. मला म्हणते, मॅडम, मला इथे किती दिवस बसायचंय? आणि मी बघते तर तिच्या चेहऱ्याला डोळेच नाहीत, अजून काढायचे आहेत. कंडक्टरने हाक मारली, स्टँड आलं होतं. दिवसभर मला वाटत राहिलं की माझ्या साडीच्या काठाला चिखल लागला असेल.

ती खरी राजकन्या फार वर्षं बसून राहिली. धाकट्याशी लग्न ठरलं होतं, पण सासरा आज हो, उद्या बघू करत राहिला, बाप तिकडून घासाघीस करत राहिला, आणि ती दोघांच्या मधे, ना इकडची ना तिकडची. मी हे शिकवताना नेहमी राजाची बाजू सांगत आले, त्याची उद्दिष्टं. आता मला वाटतं, तुझी ती एक ओळच बरोबर होती. तुझ्या सासऱ्यांना भीती वाटते. तू गेलीस तर साईराज दुसऱ्यांदा जाईल, असं त्यांना वाटतं. आणि मी काही त्यांच्याहून वेगळी नाही. मला तू हवी आहेस, दिपिका. घरात, चुलीपाशी, माघात पोपटी लावताना मडक्यात शेंगा भरायला, पाला कमी पडला म्हणून माझ्यावर ओरडायला. यंदा आम्ही पोपटी लावलीच नाही. हे तुला आधी सांगून ठेवते, म्हणजे पुढचं मी थोरपणाने लिहितेय असं वाटायला नको. गेल्या महिन्यात मी रोह्याला आले, आपण कुंडलिकेच्या काठी बसून भेळ खाल्ली, आणि तू तुझ्या सरावाच्या शाळेतल्या पोरांच्या नकला करून हसत होतीस. किती दिवसांनी हसलीस. मी घरी येऊन कोणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कोणीतरी त्याचाही अर्थ लावला असता.

आता हे पत्र का लिहिलं, ते. कॅथरीनच्या गोष्टीत एक तळटीप आहे, परीक्षेला नसते म्हणून मी कधी शिकवली नाही. दोन्हीकडचे पुरुष बोलून बोलून थकले, तेव्हा तिच्या बापाने तिलाच आपली राजदूत नेमलं. त्याच दरबारात, त्याच सासऱ्यासमोर, ती स्वतः बोलायला उभी राहिली. पुढे ती त्याच धाकट्याची राणी झाली आणि ते काही सुखाचं झालं नाही, पण ते जाऊ दे. काल रात्री जेवताना मी तुझ्या सासऱ्यांना सांगितलं, रविवारी मुलीकडून मामा बोलणार नाही, मुलगी बोलेल. त्यांनी भातावर आणखी कालवण घेतलं. मग म्हणाले, “आणि नाय म्हनली तर?” मी म्हटलं, तर नाही. ते उठले, हात धुतले आणि कारखान्यात गेले. तुझे कुंचले धुतल्याचा आवाज मी ऐकला. सकाळी सगळे पुसून डब्यात उभे ठेवलेले होते, आणि मला म्हणाले, नाय म्हनली तरी मूर्तींचं डोळं काढाय येल का, येवढं तिला इचार. तर विचारते आहे. त्याचंही उत्तर तुझंच. रविवारी आत डाळ वाटायला बसायचं नाही. सुपारी तबकातच राहील, अडकित्ता मी माझ्या कपाटात ठेवला आहे. सरळ बाहेर येऊन चटईवर बस. जोह्याची माणसं भिंतीच्या बाजूला बसतील, त्यांत या वेळी मी नसेन. मी तुझ्या आईच्या शेजारी, तुझ्या बाजूला बसणार आहे. हो म्हण, नाही म्हण, बी. एड. झाल्यावर बघू म्हण. सविस्तर नको. या वेळी एका ओळीत उत्तर दिलंस तरी पूर्ण गुण.

तुझीच,
मॅडम म्हण की आई म्हण,
अनिता