मानेखालचा फोटो

१९ जुलै, मंगळवार
दुपार, जेवणाची सुट्टी

प्रिय काडी,

अनेक आशीर्वाद. घरी सगळं ठीक. आईचा गुडघा आता बरा आहे, तोंडाचा पट्टा तर कधी बिघडलाच नव्हता. मांजरीने बाबांच्या आरामखुर्चीत पिल्लं घातलीत, त्यामुळे बाबा स्टुलावर बसून पेपर वाचतात आणि स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे वागतात.

फोन सोडून पत्र लिहितेय म्हणून हसशील. फोनवर तू मध्ये बोलतेस, आणि तू मध्ये बोललीस की मी विषय बदलते. याआधी दोन पत्रं लिहून फाडली. हे कुरियरने पाठवतेय, उद्या पोचेल.

आई म्हणाली, शुक्रवारच्या शोसाठी तू नऊ दिवस काकडी आणि गरम पाण्यावर आहेस. परवा तालमीला जाताना चक्कर येऊन जिन्यातच बसलीस म्हणे. "ताईला सांगू नकोस असं म्हणालीये" हेही तिने मलाच सांगितलं. अगं, काय चाललंय काय तुझं?

विचारतेय खरी, पण मला माहीत आहे. आमच्या साप्ताहिकाचं शेवटचं पान. तुझा फोटो, कमरेभोवती लाल गोल, खाली ओळ : 'रॅम्पची मजबुती तपासली होती ना?' त्याच दिवशी तुझा फोन आला होता.

"ताई, तू तिथेच मुद्रितं तपासतेस ना? कोण लिहितं हे, शोधून दे मला. मार्चमध्ये लिहिलं, 'हँगरच चालत आला, बाई कुठाय?' म्हणून सहा किलो वाढवले, तर आता रॅम्प मोडतोय. एकदा काय ते ठरवा म्हणावं!"

मी म्हणाले, शोधते.

मग तू म्हणालीस, "तुमच्यात एकच बाई शहाणी आहे. 'आरशाशी गप्पा' लिहिणारी. तिचं ते 'आहेस तशीच छान आहेस' कापून मी आरशाला चिकटवलंय." मी काहीतरी हं हं केलं आणि दूध उतू जातंय असं सांगून फोन ठेवला. दूध वगैरे काही नव्हतं.

ती शहाणी बाई मीच. मुद्रितं कधीच सुटली, दोन वर्षं हे सदर लिहितेय. नाव बाहेर सांगायचं नाही अशी अट आहे, म्हणून घरी बोलले नाही. निदान स्वतःला तरी मी असंच सांगत आले.

शेवटचं पान कसं तयार होतं तेही ऐक. टेबलावर फोटो येतो तो मानेखालचा. डोकं कापलेलं, वर फक्त नंबर. ही साहेबांची पद्धत. "चेहरा दिसला की हात आखडतो," म्हणतात. गोल काढायचा, ओळ लिहायची, मग छपाईआधी डोकं परत जोडतात. पुरुषांचे फोटो मात्र डोक्यासकट येतात. गेल्या अंकात एका नटाच्या शर्टाची गुंडी पोटामुळे तुटायचीच बाकी होती. त्याला आम्ही 'भारदस्त' म्हटलं.

आम्ही कसलं, मी म्हटलं. सोमवारी आरसा, मंगळवारी लाल पेन. टेबल तेच, खुर्चीही तीच.

मार्चमध्ये मला खरंच कळलं नव्हतं गं. तुला पूर्ण बाह्या होत्या. छापून आल्यावर पाहिलं आणि ऑफिसच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडले. तेव्हाच तुला सांगायला हवं होतं.

या वेळी

(आत्ता दोनदा उठून पाणी पिऊन आले.)

या वेळी कळलं होतं. डाव्या कोपरावर इस्त्रीचा डाग होता. तू सहा वर्षांची असताना माझ्याच धक्क्याने लागलेला. डाग पाहिला, तू आहेस हे कळलं, आणि तरी गोल काढला. साहेब मागे उभे होते. नोकरीची भीती वाटली, तेही खरं. पण तेवढंच नव्हतं. "एक काडी, एक डबी, दोघी मिळून काडेपेटी," असं बाबा पाहुण्यांना सांगायचे आणि सगळे हसायचे. तूही हसायचीस. आई नवा कपडा आधी तुला घालून बघायची, "हिला काहीही शोभतं" म्हणत. त्या फोटोत पहिल्यांदाच तुझी कमर जराशी माझ्यासारखी दिसली आणि मला बरं वाटलं. हात आखडलासुद्धा नाही. लाज वाटते मला. आज दहा दिवस कुठे बसवत नाही, की कुणाशी धड बोलवत नाही.

काल साहेबांना सांगितलं, ते पान यापुढे मी करणार नाही. ते म्हणाले, "नको करूस. दुसरं कुणी करेल." आरशाचं सदरही बहुतेक काढून घेतील. घेऊ देत.

आता आतली म्हणून सांगते ते ऐक. बारीक झालीस तर गळ्याच्या हाडाला गोल, नाही झालीस तर कमरेला. गोल आधी ठरतो, फोटो मागून येतो. उपाशी राहून तो चुकत नाही. मग जेव तरी! हे पत्र खाली ठेव आणि आधी काहीतरी खा. अंडं, भात, पाव, घरात असेल ते. मग मला हव्या तेवढ्या शिव्या दे. उपाशीपोटी दिलेल्या शिवीत दम नसतो.

आरशावरचं कात्रण फाडायचं तर फाड. ठेवलंस तर ते कुणी लिहिलंय ते माहीत असू दे. उत्तर नाही आलं तरी मी आईला रोज विचारेन, ती जेवली का.

आजवर तुझ्याबद्दल छापलं ते सगळं बिननावाचं. याखाली मात्र सही करते. जे नाव ऐकून इतकी वर्षं मान खाली घातली, त्याच नावाने.

तुझी,
डबी